व्हिसावरची तारीख आणि मिळालेले दिवस

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी बायको लिस्बनला गेलीय. ३ जूनला उतरली. व्हिसावर १६ ऑगस्टपर्यंत असं आहे. मुलीचं सिझर झालं, टाके अजून ओले, जावयाची सुट्टी संपली. आणखी महिनाभर राहता येईल काय? जावई म्हणतो व्हिएफएसमधे (व्हिसाचे अर्ज घेणारं केंद्र) पणजीला जाऊन वाढवून घ्या. – एक वाचक, डिचोली

उत्तर : पहिलं म्हणजे पणजीला जाऊ नका, फुकट खेप होईल. माणूस तिथं असताना मुदत तिथंच वाढते. पूर्वी हे काम पोर्तुगालचं सेफ नावाचं इमिग्रेशनचं खातं बघायचं, ऑक्टोबर २०२३ पासून आयमा नावाचं नवं खातं बघतं, म्हणून जुन्या ओळखीच्या लोकांचा सल्ला जरा जपूनच घ्या.

आता मोबाईलवर पासपोर्टचा फोटो मागवा आणि स्टिकरवर दिवस किती दिलेत ते बघा, कारण शेंगेन व्हिसात (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) तारखेमधे सहसा १५ दिवस जास्तीचे धरलेले असतात ते राहायचे नसतात, मागेपुढे प्रवास झाला तर म्हणून असतात. तिथं ६० लिहिलं असेल तर उतरल्याचा दिवस धरून १ ऑगस्टला संपले, १६ ला नाही! आमच्या वाड्यावरच्या एका काकू इथंच फसल्या, विमानतळावरच्या साहेबानं शिक्क्यावर बोट ठेवून दिवस मोजून दाखवले. आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायला लागलेत, त्यामुळे दोन दिवसांनी काय होतंय असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, पुढचा व्हिसा अडकतो.

अर्ज दिवस संपायच्या आत झाला पाहिजे, अपॉइंटमेंट लगेच मिळेल असं धरू नका, जावयाला आजच बसवा. कारण गंभीर लागतं. नातवाचा लळा लागला हे कारण चालत नाही (आपल्याला कितीही पटलं तरी), पण ऑपरेशन झालंय, घरात दुसरं कोणी नाही, हे सांगता येतं, द्यायचं की नाही ते मात्र त्यांच्या हातात. हॉस्पिटलचं पत्र, मुलीची राहण्याची कागदपत्रं, बाळाचा जन्मदाखला, परतीचं नवं तिकीट घ्या. वैयक्तिक कारणाला युरोपच्या नियमात ३० युरो फी आहे.

कुठल्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येतं हा हिशेब डोक्यात ठेवून मागा, म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ ऑगस्ट. ट्रॅव्हल इन्शुरन्सही तिथपर्यंत वाढवा, किमान ३०,००० युरोचा, आणि तो जुना संपायच्या आधी, नंतर कंपन्या नाटकं करतात.