कावासाकीची नवीन निंजा ११००एसएक्स बाईक घेताय? आधी एवढं बघा

अभिनंदन भावा! जुन्या निंजा १०००एसएक्सपेक्षा पॉवर कमी केली म्हणून सगळे बोंबलतायत ते मनावर घेऊ नको. इंजिन १०४३ वरून १०९९ सीसी झालं, पॉवर १४२ वरून १३६ पीएसवर आली हे खरंय, पण टॉर्क (म्हणजे ओढण्याची ताकद) १११ चा ११३ एनएम झालाय आणि खालच्या-मधल्या आरपीएमला जोर वाढवलाय, टूरिंगला तोच लागतो, कागदावरचे ६ पीएस कुणाला जाणवणारेत.

तुझी खरी परीक्षा पार्किंगमध्ये आहे. २३५ किलोच्या आसपासची गाडी, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की आडवी झालीच म्हणून समज! नवखे इथेच पाडतात, हायवेवर नाही. हळू वळताना मागचा ब्रेक, क्लच अर्धा आणि नजर लांब, रिकाम्या मैदानात हेच घोटत बस.

बाकी:
- मागे कुणी बसलं किंवा बॉक्स भरले की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढव, नॉब हातानेच फिरतो
- टायरमधली हवा थंड असतानाच बघ
- नवीन टायर निसरडे असतात, सुरुवातीला जास्त झुकवू नको

एक्झॉस्ट बदलणं, मॅपिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) वगैरेचं आत्ता विचारूच नको, पहिली सर्व्हिस होऊ दे मग बोलू.