गेटपासवरचा ‘कारण’ रकाना

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदारांचा पहिला प्रश्न झोपेचा किंवा धडधडीचा नसतोच. “मॅडम, हे कंपनीत कळणार नाही ना?” हा असतो. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून आलेल्यांचा तर हमखास. त्यातल्याच एकांची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. लाइनवरची पोरं त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणते.

दादा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माझी खोली सिडकोत, त्रिमूर्ती चौकापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, आणि दादांची अर्धी कंपनी राहायला सिडकोतच. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटं उशिरा आले, कारण बाईक दोन गल्ल्या पलीकडे एका मेडिकलसमोर लावून पायी आले होते. “कुणी बघितलंच तर गोळ्या घ्यायला आलो म्हणता येतं,” म्हणाले. मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवायला त्यांना अर्धा तास लागला.

दर आठवड्याला पाळी बदलायची: फर्स्ट, सेकंड, नाईट. नाईटच्या आठवड्यात दिवसा झोप नाही. फर्स्टच्या आठवड्यात पहाटे उठायचं, पण रात्री अकरा वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिजेक्ट मालाचे फोटो येत राहायचे. साडेतीनला जाग, छातीत धडधड, काल पास केलेला लॉट कस्टमरकडून परत आला तर? असे सहा-सात महिने काढले. मग एका रात्री चुकीचं माप घेतलं म्हणून एका ऑपरेटरवर त्यांनी हात उगारला. मारलं नाही. पण पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून बायकोने लोटूनच माझ्याकडे पाठवलं.

मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे रात्रपाळी नको असं लिहून दिलं. गाडी अडली ती इथे. त्या चिठ्ठीच्या डोक्यावर ठळक छापलं होतं ‘मनोविकारतज्ज्ञ’. ती द्यायची टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पाळ्यांची नोंद ठेवणाऱ्या खिडकीवर. दादा म्हणाले, “हे टाइम ऑफिसात सकाळी दिलं, की दुपारच्या चहाला अख्ख्या कॅन्टीनला माहीत.”

कायद्याचं सांगायचं तर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाच्या बाजूने स्पष्ट आहे. तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहणं हा तुमचा हक्क आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर उपचार करणाऱ्यांना ती फोडता येत नाही. हे मी दादांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चिठ्ठी घडी घालून परत खिशात ठेवली. टाइम ऑफिसच्या खिडकीवर कायदा उभा नसतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग आम्ही कागदाचा रस्ता बदलला. त्यांच्या कंपनीत आठवड्यातून दोनदा डॉक्टर बसतात. चिठ्ठी फक्त त्यांना दाखवायची, आणि त्यांनी एचआरला एवढंच कळवायचं: कामाला योग्य, सहा आठवडे रात्रपाळी देऊ नये. आजाराचं नाव नाही, तज्ज्ञाचं नाव नाही. दोन ओळींत काम झालं. ज्यांच्या कंपनीत डॉक्टर येत नाहीत, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून कामाबद्दलच्या सूचनेपुरतं वेगळं पत्र मागावं. बहुतेक डॉक्टर देतात. खोटं बोला असं मी कुणालाच सांगत नाही. गोळीने गुंगी येत असेल आणि हाताखाली प्रेस चालत असेल, तर मशीन चालवायचं नाही हे सांगायलाच हवं. पण का, ते सगळ्यांना सांगायला हवं असं नाही.

पहिल्या पंधरवड्यात एकदा पहाटे फार घाबरल्यासारखं झालं, तेव्हा दादांनी १४४१६ लावला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर २०२२ पासून आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीत बोलता आलं याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

पुढे योगायोगाने त्याच कंपनीतून मला बोलावणं आलं: १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, एक तासाचं व्याख्यान. दादा तिसऱ्या रांगेत बसून पंख्याकडे बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. व्याख्यान बरं झालं, टाळ्या पडल्या, रोप मिळालं. मग एचआरच्या साहेबांनी विचारलं, दर गुरुवारी दोन तास येऊन बसाल का? मी हो म्हटलं, आणि खोली न बघताच हो म्हटलं ही माझी चूक. खोली एचआरला लागून, दरवाजा काचेचा. तीन गुरुवार मी चहा पिऊन परत आले. चौथ्या गुरुवारी साहेब म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे तर ओपन डोअर आहे, पण कुणाला टेन्शनच नाही.”

मी त्यांच्याकडून कोरा गेटपास मागून घेतला. पाळी चालू असताना लाइन सोडून कुठेही जायचं तर हा कागद लागतो. नाव, टोकन नंबर, वेळ, आणि शेवटी ‘कारण’. त्यावर सही सुपरवायझरची, मग टाइम ऑफिसची, मग गेटवर वॉचमन मोठ्याने वाचून रजिस्टरला चढवणार. “या रकान्यात तुम्ही स्वतः काय लिहिलं असतं?” मी विचारलं. साहेब हसले, मग हसायचे थांबले.

पोस्टर, योगदिन, स्टिकर यांना माझा विरोध नाही, पण त्यांनी कुणाची झोप परत आलेली मी पाहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनाही एकट्या कर्मचाऱ्याला खंबीर करण्यावर थांबत नाहीत. कामाची रचना सुधारा आणि वरिष्ठांना प्रशिक्षण द्या, असं त्या सांगतात. अंबडच्या भाषेत याचा अर्थ पाळीचं वेळापत्रक आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी लावा. लाइनवर सही करणाऱ्या माणसाला आधी शिकवा, कारण ऑपरेटरसाठी कंपनी म्हणजे तोच. आणि तोही थकलेला असतो, हे दादांकडे बघून मला कळलं होतं. पण तिथे बोलता येत नव्हतं.

काही गोष्टी झाल्या. गुरुवारची बैठक कंपनीबाहेर माझ्याच खोलीत आली. महिन्याच्या बिलात नावं नसतात, फक्त किती तास तेवढं असतं. गेटपासवर ‘वैयक्तिक’ एवढं लिहिलेलं चालू लागलं. वेळापत्रक आता शनिवारी लागतं, निदान बहुतेक शनिवारी. ग्रुपवरचे फोटो मात्र थांबले नाहीत. त्यावर साहेबांचं उत्तर असं की कस्टमरच रात्री मेल करतो.

दादा सहा आठवड्यांनी पुन्हा नाईटला जाऊ लागले. ग्रुप म्यूट ठेवतात आणि झोपताना फोन स्वयंपाकघरात. त्या ऑपरेटरची त्यांनी माफी मागितली, ती कँटीनमागच्या नळाशी, हात धुता धुता. महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात. बाईक अजून मेडिकलसमोरच असते.