कॉमिक्सचा संग्रह सुरू करताना

दिसेल तो अंक घेण्याचा मोह आवरून तुम्ही आधी एकच मालिका निवडावी. माझ्या मते मुंबईकराने इंद्रजाल कॉमिक्सपासून आरंभ करावा, कारण टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ ते १९९० या काळात याच शहरातून काढलेले हे अंक मराठीतही निघत, आणि फ्लोरा फाउंटन किंवा माटुंग्याच्या पदपथांवरील जुन्या पुस्तकांचे ढीग चिकाटीने चाळल्यास ते हाती लागू शकतात.

मुखपृष्ठ कितीही देखणे असले, तरी अंक मधोमध उघडून पिनांपाशी नीट पाहावे. गंजाचा तांबूस डाग कागदात उतरला असेल किंवा मधले जोडपान निखळले असेल, तर पूर्ण भाव देऊ नये. पावसाळ्यातील दमट हवा कागदाची वैरीण आहे, म्हणून प्रत्येक अंक आम्लरहित पुठ्ठ्यासह पिशवीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीही लावू नये.