स्वीडिश शिकायचंय, पण कुठून?

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीपायी फोंड्याहून स्टॉकहोमला चालले आहे. तिथल्या मोफत भाषावर्गात इथूनच नाव घालता येईल का?

उत्तर : नाही गं बाय, आधी तिथं पोच. वर्षभर तरी राहणार असशील तर तिथल्या कर खात्यात तुझी रहिवासी म्हणून नोंद होते, ओळख नंबर मिळतो. तो घेऊन राहत्या ‘कम्यून’कडे, म्हणजे आपल्या पालिकेकडे, ‘एसएफआय’साठी, म्हणजे त्या मोफत भाषावर्गासाठी, अर्ज कर. फी शून्य. ए ते डी असे चार टप्पे. पदवीधराला बहुधा थेट सीपासून बसवतात.

मला व्याकरणापेक्षा ‘सात’च्या स्वीडिश शब्दाने छळलं! आईनं ओल्या लाकडांची चूल फुंकावी, तसा तो उच्चार. दुकानात सात अंडी मागायची म्हणून मी सरळ आठ घ्यायचे.