जुन्या विमानांचे बोल्ट तपासत बसण्यापेक्षा सरळ नवे का घालत नाहीत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या विमान अपघातानंतर धास्ती बसली आहे, मुलीकडे जायचं तिकीट ज्या विमानाचं आहे ते पंचवीस वर्षांचं आहे आणि मग "बोल्ट तपासतात म्हणजे काय, बदलूनच टाका ना" असं वाटतं. तिकीट रद्द करू नका, जा. बाकीचं उत्तर लांबणार आहे, कारण तुमचा हा प्रश्न शब्दाला शब्द मला 1997 साली माझ्या शिफ्ट इन्चार्जनी विचारला होता आणि तेव्हा मला तो नीट परतवता आला नव्हता.

मी एनडीटीवाला. धातू न तोडता आतली क्रॅक शोधायची, हे काम. बावीस वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये काढली. कंपनीचं आणि विमानाच्या मॉडेलचं नाव घेणार नाही.

जुलै महिना, रात्रपाळी. एक वीस वर्षांचं दोन इंजिनांचं विमान मोठ्या चेकला उभं. त्याची उभी शेपटी मागच्या धडाला आठ बोल्टांनी धरलेली. जॉब कार्डात त्यातले दोनच काढून तपासायला सांगितले होते, पहिला आणि पाचवा. दोन्ही स्टीलचे, अंगठ्याएवढे जाड. आमच्याबरोबर मालवणकडचे एक जुने हेल्पर होते, त्यांना सगळे मामाच म्हणायचे. लायसन नाही, काम पास करायचा स्टॅम्प हातात नाही, पण बोल्ट काढायची त्यांची एक पद्धत होती. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्याला भोकं पाडायची, शेजारी पेन्सिलीने नंबर घालायचे आणि निघालेला बोल्ट वॉशरसकट, जसा होता तसा त्या भोकात खोचायचा. बाकीचे लोक डब्यात टाकायचे. डब्यात बोल्ट खणखणत पडला की वॉशर एकीकडे, नट एकीकडे. पुठ्ठ्यात सगळं जागच्या जागी.

मी पाचवा बोल्ट पुठ्ठ्यातून घेतला. वॉशर काढून परत त्याच भोकावर ठेवला, बोल्ट पुसला आणि मशीनवर लावला. स्टीलचा बोल्ट तपासायचा तर त्याला चुंबक करायचं. दांड्यातून लांबीच्या दिशेने करंट सोडला की उभ्या क्रॅक दिसतात, कॉइलमध्ये धरला की आडव्या. वरून रॉकेलसारखं पातळ तेल सोडायचं, त्यात चमकणारी लोखंडी भुकटी असते. क्रॅक असेल तिथे चुंबकाची रेघ बाहेर फुटते आणि भुकटी त्या रेघेवर जमते. मग पडदा ओढून काळ्या दिव्याखाली, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. उन्हात काळा पडणारा चष्मा घालून या कामाला बसायलाच मनाई आहे, आणि जवळचं बारीक वाचता येतं की नाही याची परीक्षा दरवर्षी द्यावी लागते.

कॉइलमध्ये धरल्यावर हेडच्या खाली, जिथे हेड आणि दांडा मिळतात त्या गोलसर कोपऱ्यात, म्हणजे रेडियसमध्ये, हिरवी रेघ उठली. केसासारखी बारीक, कडा धारदार, गोलाईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

इन्चार्जना बोलावलं. ते म्हणाले, रेडियसमध्ये भुकटी साचतेच. हे त्यांचं खोटं नव्हतं. जिथे जाडी एकदम बदलते तिथे आणि आट्यांच्या बुडाशी भुकटी उगाच जमते, नवखा माणूस तिथे फसतो. पण साचलेली भुकटी धुरकट असते, पसरट असते आणि सगळीकडून सारखी असते. ही रेघ एकाच बाजूला होती. मी बोल्टमधलं चुंबक उतरवलं, धुतला, पुसला, पुन्हा लावला. रेघ तिथेच. तिसऱ्यांदा लावला. तिथेच.

मग ते वाक्य आलं. "बरं बाबा, क्रॅक तर क्रॅक. फेक तो, स्टोअरमधून नवा आण, कार्ड बंद कर. सकाळी टेस्टिंगवाले येतायत."

मी म्हटलं, साहेब, पण हा इथे का तुटायला लागला?

"का? जुना झाला म्हणून."

इथेच माझं आणि त्यांचं बिनसलं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. बोल्ट वयामुळे थकत नाही. नीट टॉर्क केलेला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळलेला बोल्ट आतून ताणलेला असतो, त्यामुळे वाऱ्याचे हेलकावे येतात-जातात पण बोल्टला त्यातलं फार थोडं जाणवतं. ताण उतरला की प्रत्येक हेलकावा त्याच्या अंगावर येतो आणि तो थकायला लागतो. म्हणजे क्रॅक सापडली तर आधी विचारायचं की ताण कशाने उतरला. भोक झिजलं? बसायची जागा गंजली? मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज धरायला कितीसा वेळ लागतो! ते न बघता नवा बोल्ट घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मला भोकाचाच संशय होता. एडी करंटचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाने क्रॅक हुडकणारा फिरता प्रोब भोकात घातला, वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवला. भोक स्वच्छ, स्क्रीनवर रेषा सरळ. बसायच्या जागेवर गंज नाही. इन्चार्ज घड्याळाकडे बघत होते. मी चुकलो होतो, भोकाबाबतीत तरी.

तेवढ्यात मामा पुठ्ठा घेऊन दिव्याखाली आले. पहिल्या भोकातला बोल्ट वॉशरसकट होता, आणि पाचव्याचा नुसता वॉशर, मी ठेवला तसाच. मामांनी आधी पहिल्याच्या वॉशरवर, मग पाचव्याच्या वॉशरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो वायसर उलटो घातलेलो आसा."

या बोल्टांच्या हेडखाली जो वॉशर असतो त्याच्या आतल्या भोकाची एक कड उतरती घासलेली असते आणि दुसरी कड धारदार. उतरती कड हेडकडे यायला हवी, म्हणजे रेडियसला जागा मिळते. उलटा घातला तर धारदार कड रेडियसवर चढून बसते. हेड पूर्ण टेकतच नाही. टॉर्क रेंच मात्र बरोबर आकड्याला टक् करतो, कारण त्याला फक्त नटाचा जोर कळतो. मग काही उड्डाणांत ती कड धातूत रुतते, जोड बसतो, ताण उतरतो. शिवाय रुतलेल्या जागी खाच पडते, आणि क्रॅक सुरू व्हायला खाच पुरते. मी दहापट भिंगाखाली बोल्ट पुन्हा धरला. रेडियसवर चकचकीत वळं उमटलं होतं, वॉशरच्या कडेशी तंतोतंत जुळणारं, आणि क्रॅक त्या वळ्यातूनच निघाली होती.

मागच्या मोठ्या चेकला ज्याने हा वॉशर बसवला त्यानेच आठही बसवले असणार. मी म्हटलं, आठही काढायचे. इन्चार्ज म्हणाले, कार्डात दोन आहेत, शितावरून भाताची परीक्षा होते. मला तेव्हा संतापाने शब्द सुचले नाहीत, आज सांगतो. शीत कच्चं निघालं तर कोणी तेवढं शीत बदलून भात वाढतं का?

मी स्टॅम्प मारला नाही. नॉन-रुटीन कार्ड, म्हणजे ठरलेल्या कामाबाहेरच्या दोषाचं कार्ड काढलं, इंजिनिअरिंगला क्वेरी टाकली. विमान दोन दिवस लटकलं. उरलेले सहाही बोल्ट निघाले. मला मेमो मिळाला, "अनावश्यक विलंब". मामांचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही, आणि याचं मला मेमोपेक्षा जास्त लागलं.

आता तुमचं "नवेच घाला". पहिलं म्हणजे नवा बोल्ट चांगलाच असतो हे कोणी सांगितलं? सप्टेंबर 1989 मध्ये ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर 580 विमान समुद्रात पडलं, 55 माणसं गेली. तळातून अवशेष काढून तपासले तेव्हा उभी शेपटी धरणारे बोल्ट बनावट निघाले, हव्या त्या ताकदीचे नव्हतेच. ते कुणीतरी कधीतरी बदलून घातलेलेच होते ना? माझ्या पाचव्या बोल्टसारखीच ती शेपटीची जागा, म्हणून हा अपघात मी विसरू शकत नाही.

दुसरं, बोल्ट बदलता येतो, भोक बदलता येत नाही. 1977 च्या मे महिन्यात झांबियात लुसाकाजवळ डॅन-एअर कंपनीचं मालवाहू बोइंग 707 उतरताना त्याचा शेपटीचा उजवा आडवा पंख निखळला. आतल्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या कण्यात, थकव्याची क्रॅक होती आणि ती सुरू झाली होती एका फास्टनरच्या, म्हणजे जोडखिळ्याच्या भोकाजवळ. एक भाग तुटला तर शेजारचा भार पेलेल, या भरवशावर तोपर्यंत विमानं बांधली जायची. त्या अपघातानंतर क्रॅक पडणारच असं गृहीत धरून, ती वाढून धोक्याची व्हायच्या आत किती वेळा बघायचं हे ठरवायची पद्धत रूढ झाली. तुम्ही ज्याला "तपासत बसणं" म्हणता ते हेच आहे. शिवाय घट्ट बसवलेला बोल्ट उगाच काढला की भोकाला ओरखडा जातो. मग ते मोठं करावं लागतं आणि प्रत्येक वेळी कडेचा धातू कमी होतो. विनाकारण बदलणं हीसुद्धा झीज आहे.

आणि तुमच्या लुइव्हिलमध्ये, 4 नोव्हेंबर 2025 ला, यूपीएसच्या एमडी-11 मालवाहू विमानाचं डावं इंजिन पायलनसकट, म्हणजे पंखाला ते टांगणाऱ्या खांबासकट निखळलं. प्राथमिक अहवालात थकव्याच्या क्रॅक सापडल्याचं आलं ते मागच्या जोडाच्या लगमध्ये. लग म्हणजे ज्या कानात पिन बसते तो कान. नुसता बोल्ट नवा घातला असता तर कान जुनाच राहिला असता.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर इन्चार्ज म्हणतील की सोयीचं तेवढंच सांगितलं. 4 ऑक्टोबर 1992 ला ॲमस्टरडॅमच्या बेलमेर वस्तीवर एल आलचं मालवाहू 747 कोसळलं, 43 माणसं गेली. तिथे दोषी होती पायलनची फ्यूज पिन, म्हणजे बोल्टाचीच बहीण. ती थकली, तीन नंबरचं इंजिन सुटलं आणि जाताना चार नंबरचंही घेऊन गेलं. त्यानंतर या पिनांची घडणच बदलली गेली. म्हणजे भागच कमकुवत असेल तर बदलणं हाच उपाय, मान्य. काही भागांना उड्डाणांची मर्यादाच ठरलेली असते; ती भरली की भाग कितीही चांगला दिसो, काढून टाकतात. तेही बरोबर. माझं म्हणणं एवढंच की फेकायच्या आधी त्याला विचारा.

वयाचं म्हणाल तर वर्षं मोजू नका. 1988 मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर हवेत उडालं तेव्हा ते 19 वर्षांचं होतं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याच्या नावावर 89,680 उड्डाणं होती. तुमचं पंचवीस वर्षांचं विमान लांब पल्ल्याचं असेल तर त्याची उड्डाणं यापेक्षा कितीतरी कमी असतील.

मी बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालो, कार्बन फायबरच्या विमानांवर कधी काम केलं नाही, त्यांचं वेगळं असतं. आणि प्रत्यक्ष कामाला मॅन्युअल प्रमाण, माझं उत्तर नव्हे. या लाईनला येणारं कुणी पोरगं किंवा पोरगी हे वाचत असेल तर पुठ्ठा वापरा. महागडे ट्रे आलेत आता, तेही चालतील, पण वॉशर बोल्टवरून काढू नका जोवर तपासणारा बघत नाही. त्या रात्री वॉशर डब्यात पडला असता तर तो उलटा होता हे जगात कुणालाच कळलं नसतं, मलाही नाही. नवा बोल्ट आला असता आणि मागच्यासारखाच बसला असता.

परवा डोंबिवलीत एका लग्नात इन्चार्ज भेटले. ऐंशीच्या घरात आहेत, तब्येत छान आहे, प्रेमाने चौकशी केली. पंगतीत शेजारी बसले आणि म्हणाले, "एका बोल्टासाठी दोन दिवस घालवलेस रे तू. बाकीचे सगळे ठीक निघाले होते." मेमोतही तसंच लिहिलेलं आहे. तिथे, जेवताना, मी काही बोललो नाही.

साहेब, बाकीचे सगळे ठीक नव्हते. सहाव्याचा वॉशरही उलटा होता. बोल्टला क्रॅक नव्हती, पण रेडियसवर तेच चकचकीत वळं होतं, आणि पुठ्ठ्यावर त्याच्या शेजारी मामांनी पेन्सिलीने फुली मारली होती.