जपानी बाग पुस्तकातून शिकता येते का? येते. कोणती पुस्तकं, तेही सांगते

तुम्ही विचारलंय की जपानी बागेचं डिझाइन शिकायला कोणती पुस्तकं वाचावीत, आणि जपानला न जाता पुस्तकं वाचून काही हाती लागतं का. नाशिकला घरामागे दहा बाय पंचवीस फुटांची पट्टी आहे, असंही लिहिलंय. पुस्तकांची नावं देतेच, पण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी माझं जुनं भांडण आहे. मी पुण्यात लँडस्केपचं काम करते. ज्या माणसाबरोबर काही वर्षं भागीदारीत होते, त्याचं ठाम मत होतं की जपानी बाग तिथे जाऊनच कळते. तो जाऊन आला होता, मी तेव्हा गेले नव्हते. माझ्याकडे पुस्तकं होती. क्लायंटसमोर त्याने मला ‘पुस्तकी’ म्हटलेलं मी अजून विसरलेले नाही, त्यामुळे उत्तर लांबणार.

सुरुवात ‘साकुतेइकी’पासून करा. अकराव्या शतकातला ग्रंथ आहे. लेखक म्हणून ताचिबाना नो तोशित्सुना याचं नाव घेतात. उजी गावचं ब्योदो-इन हे मंदिर उभं करणाऱ्या फुजिवारा नो योरिमिचीचा हा मुलगा. जिरो ताकेइ आणि मार्क पीटर कीन यांचं २००१चं इंग्रजी भाषांतर घ्या आणि त्याची लांबलचक प्रस्तावना गाळू नका. मूळ ग्रंथात चित्रं नाहीत. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण चित्र दिसलं की माणूस नक्कल करायला लागतो. इथे नक्कल करायला काही मिळतच नाही, विचारच करावा लागतो.

ग्रंथ सुरू होतानाच तीन गोष्टी सांगतो. जमिनीचा उतार आणि पाण्याचा कल बघून त्याप्रमाणे चला. जुन्या जाणत्यांची कामं समोर ठेवा, मात्र मालकाची इच्छा आणि स्वतःची आवड सोडू नका. आणि आपल्या मुलखातल्या नावाजलेल्या निसर्गस्थळांत जे मनाला भिडलं ते आठवून, आपलंसं करून बागेत आणा. ही तिसरी गोष्ट पुन्हा वाचा. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचा जपानी माणूस तुम्हाला क्योतोतल्या प्रसिद्ध बागांची नक्कल करायला सांगत नाहीये. तुम्ही नाशिकचे, तर अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे थरावर थर चढलेले काळे कडे बघा, असं त्याचं म्हणणं आहे.

पुढे दगडांचा भाग येतो. मुख्य दगड आधी बसवायचा आणि बाकीचे त्याच्या मागणीप्रमाणे. पळणारे एकदोन दगड असतील तर पाठलाग करणारे सातआठ हवेत, पोरांच्या पकडापकडीच्या खेळासारखे. ही उपमा ग्रंथातलीच. मग निषेधांची यादी लागते. जो दगड मुळात आडवा पडलेला होता तो उभा करू नये, उभा होता तो आडवा करू नये, नाहीतर तो पछाडतो. दिशांचेही नियम आहेत: पाणी पूर्वेकडून आणून नैर्ऋत्येला सोडावं वगैरे. आपल्याकडच्या वास्तूवाल्यांना हा भाग फार आवडेल. पहिल्या वाचनात दिशा सोडून दिल्यात तरी चालेल, आडव्या-उभ्या दगडाचा नियम मात्र सोडू नका. का, ते आता सांगते.

पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावर एक बंगला होता. दिवाणखान्याला पश्चिमेकडे छतापासून जमिनीपर्यंत काच, काचेपुढे मोकळं अंगण. क्लायंटला ‘झेन गार्डन’, म्हणजे दगड आणि वाळूची कोरडी बाग, हवं होतं. माझ्या भागीदाराने क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या अशाच बागेचे स्वतः काढलेले फोटो दाखवले, मालक खूश झाले आणि काम मिळालं. मग त्याने कॉम्प्युटरवर अंगणाचा नकाशा उघडून पंधरा ठिपके टाकले, कारण र्‍योआन-जीत दगड पंधरा आहेत. एकही दगड अजून कुणी पाहिलेला नव्हता. मी म्हटलं, आधी दगड बघू, मग जागा ठरवू. त्यावर तो म्हणाला, “तू पुस्तकात वाचलंयस, मी तिथे उभा राहून आलोय.”

खरं तर दगड साइटवरच होते. पायाच्या खोदाईत काळ्या पाषाणाचे मोठमोठे धोंडे निघाले होते, अंगावर वर्षानुवर्षांचा करडा-तांबूस थर असलेले. कॉन्ट्रॅक्टर ते फोडून भरावाला वापरणार होता. मी ते मागच्या बाजूला राखून ठेवायला सांगितले आणि दगडकामाच्या मिस्त्रींना घेऊन एकेक बघत बसले. कुठली बाजू उघड्यावर होती आणि कुठली मातीत, हे धोंड्यावर स्वच्छ दिसतं. उघड्या बाजूला दगडफुलाचे डाग असतात, गाडलेल्या बाजूला चिकटलेली माती आणि ओलीची रेघ. मिस्त्री खडूने वरच्या बाजूला खूण करत गेले. पछाडण्याच्या भीतीमागे मला हेच निरीक्षण दिसतं. उलटा बसवलेला दगड बघणाऱ्याला खटकत राहतो, त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

भागीदाराने माझे धोंडे पुढच्या अंगणात घेतले नाहीत. बाहेरून गुळगुळीत गोटे मागवले, क्रेन लावून नकाशावरच्या ठिपक्यांवर काँक्रीटच्या थरावर ठेवले आणि मध्ये पांढऱ्याशुभ्र संगमरवरी चिप्स ओतल्या. कोपऱ्यात दगडी कंदील आणि बुद्धाचं मस्तक. बुद्धाच्या मस्तकाबद्दल एवढंच सांगते की क्योतोतल्या ज्या नामांकित बागांचे नकाशे मी अभ्यासले, त्यांपैकी एकीतही शोभेसाठी छाटलेलं मस्तक नाही, आणि पूजनीय माणसाचं डोकं कुंडीशेजारी ठेवणं मला सहन होत नाही.

एप्रिल आला. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन चिप्सवरून उसळून थेट काचेत येऊ लागलं. घरच्यांनी पडदे लावले ते सूर्य मावळल्यावरच उघडायला लागले. ज्या अंगणासाठी काच लावली ते संध्याकाळपर्यंत पडद्याआड. पहिल्या पावसात उतारावरची माती चिप्समध्ये उतरली, मग पांढऱ्याचं तांबडं झालं. गोटे मांडून ठेवलेल्या सामानासारखे दिसायचे, कारण एकही जमिनीतून वर आलेला वाटत नव्हता. दगडाचा सगळ्यात रुंद भाग मातीच्या पातळीला किंवा तिच्याखाली गेला पाहिजे, तरच खाली अजून खडक आहे असं डोळ्याला वाटतं. हे कुठल्याही बऱ्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत सापडेल.

उत्तरेचा स्वयंपाकघरामागचा कोपरा माझ्या वाट्याला आला होता. तिथे खोदाईतले तीन धोंडे मी मिस्त्रींबरोबर बसवले. एक मोठा आधी पुरला, मग त्याच्याकडे झुकणारा दुसरा, आणि दोघांपासून निघून जाणारा तिसरा आडवा. खाली बारीक करडी खडी, मागे बांबू. घरातल्या आजींची खुर्ची पहिल्याच उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच राहिली. त्या कामानंतर मी भागीदारी सोडली.

नंतर मी क्योतोला गेले, आणि जे वाचलं होतं ते तिथे समोर होतं. र्‍योआन-जीची वाळू पांढरीशुभ्र नाहीच. क्योतोतली ती परंपरागत पांढरी वाळू म्हणजे झिजलेला ग्रॅनाइट, त्यात अभ्रकाचे काळे ठिपके, त्यामुळे रंग करडेपणाकडे झुकतो. आणि मागची ती प्रसिद्ध भिंत तेल मिसळलेल्या मातीची, तपकिरी, मंद. वाळूवरची चकाकी मारणं हाही त्या भिंतीचा एक उपयोग सांगतात. माझा भागीदार बागेसमोरच्या मंदिराच्या याच ओट्यावर बसून फोटो काढून आला होता. उभं राहून आल्याने दिसतंच असं नाही. काय बघायचं ते आधी माहीत असावं लागतं, आणि ते मला वाचनाने दिलं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बागरचनाकार मिरेइ शिगेमोरी (१८९६–१९७५) वाचावा. ओकायामा प्रांतातला माणूस, शिक्षण चित्रकलेचं, कुठल्या माळ्याच्या घराण्यातला नाही. १९३४च्या मुरोतो वादळात क्योतोतल्या अनेक बागांची नासधूस झाली, तेव्हा याच्या लक्षात आलं की त्यांची मोजमापंच कुठे नाहीत. त्याने देशभरातल्या बागा मोजायला घेतल्या आणि १९३६ ते १९३९ या काळात सव्वीस खंड छापले. त्याच १९३९ साली क्योतोतल्या तोफुकु-जी मंदिराच्या बागा केल्या. काहीही वाया घालवायचं नाही ही मंदिराची अट होती, म्हणून जुन्या फरशांचा उत्तरेला मॉसमध्ये चौकटीचा पट झाला आणि जुन्या खांबांच्या दगडी पायांतून पूर्वेला सप्तर्षी उभे राहिले. विसाव्या शतकातली जपानमधली सर्वांत धीट बाग मोजून आणि वाचून शिकलेल्या माणसाने केली आहे. क्रिस्तियान चुमी यांचं शिगेमोरीवरचं २००५चं इंग्रजी पुस्तक मिळवा.

तुम्हाला पहिला महिना काय करायचं ते सांगते. मिचेल ब्रिंग आणि जोसे वायेमबर्ग यांचं ‘जॅपनीज गार्डन्स: डिझाइन अँड मीनिंग’ (१९८१) शोधा. जुनंच मिळेल. त्यात क्योतोच्या बागांचे मापाने काढलेले नकाशे आणि छेद आहेत. ट्रेसिंग पेपर लावून र्‍योआन-जी हाताने उतरवा. सुमारे पंचवीस बाय दहा मीटरचं अंगण, दगडांचे पाच गट: पाच, दोन, तीन, दोन, तीन. मग ओट्यावर निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून रेघा ओढा. बसल्या जागेवरून सगळे पंधरा एकदम का दिसत नाहीत, हे त्या रेघांतून कळेल.

त्याच्या जोडीला कीन यांचं ‘जॅपनीज गार्डन डिझाइन’ आणि डेव्हिड स्लॉसन यांचं ‘सीक्रेट टीचिंग्ज इन द आर्ट ऑफ जॅपनीज गार्डन्स’ (१९८७). स्लॉसन क्योतोत किन्साकु नाकाने यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी पंधराव्या शतकातल्या एका सचित्र हस्तपुस्तिकेचं भाषांतर दिलंय आणि रचनेची तत्त्वं फार नीट उलगडली आहेत. तुमच्या पट्टीसाठी तेइजी इतो यांचं ‘स्पेस अँड इल्यूजन इन द जॅपनीज गार्डन’ (१९७३) सगळ्यात जवळचं, कारण ते घरातल्या लहान अंगणांवर आणि बाहेरचं दृश्य बागेत ओढून घेण्यावर आहे.

जोसाया काँडर यांचं १८९३चं ‘लँडस्केप गार्डनिंग इन जपान’ नेटवर फुकट मिळतं म्हणून सगळे तिथून सुरू करतात. तुम्ही करू नका. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) छापील नमुन्यांवरून घेतलेल्या त्याच्या आकृत्यांत प्रत्येक दगडाला क्रमांक आणि नाव आहे, आणि पाश्चात्य देशांत त्या बघून ठोकळेबाज बागा झाल्या. इतिहास म्हणून वाचा, कृती म्हणून नको. ‘झेन’ हा शब्द ज्यांच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत असेल ती पुस्तकंही बाजूला ठेवा. वायबे काउटर्ट या अभ्यासकाने दाखवलंय की ‘झेन गार्डन’ हा शब्दप्रयोग लॉरेन कक या अमेरिकन लेखिकेच्या १९३५च्या पुस्तकापासूनचा आहे, म्हणजे जुना जपानी नाहीच.

पुण्यात आलात तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी लवकर जा. ते ओकायामाच्या कोराकु-एनवरून केलंय, क्योतोच्या मंदिरातल्या कोरड्या बागांवरून नाही. कोराकु-एन इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली सुरू केली, १७०० साली पुरी झाली. फिरण्यासाठीची, मोठमोठ्या हिरवळीची बाग, आत चहाची झुडपं आणि भाताची खाचरंसुद्धा. तिथून वाटांची वळणं शिका. वळण येईपर्यंत पुढचं काय लपवलंय, ते प्रत्येक वळणावर थांबून बघा. तुमच्या पट्टीत तेवढंच उपयोगी पडेल.

आता आणखी काही गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. छाटणी पुस्तकातून येत नाही. जेक हॉब्सन यांचं ‘निवाकी’ (२००७) वाचा, उत्तम आहे, पण कात्री हातात घेऊन जाणत्या माळ्याशेजारी उभं राहिल्याशिवाय बोटांना कळत नाही. तेवढ्यापुरतं माझ्या भागीदाराचं म्हणणं बरोबर होतं, फक्त तो छाटणीबद्दल बोलत नव्हता. मॉसच्या मागे लागू नका. क्योतोत वर्षभर ओल असते, नाशिकला पावसाळा संपला की मॉस करपेल. आणि यातली सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत, काही महाग आहेत, तेव्हा आर्किटेक्चर कॉलेजच्या ग्रंथालयात ओळख काढून बसायला मिळतंय का ते आधी बघा.

पट्टीची लांब बाजू कुठल्या दिशेला आहे, घरातून ती कुठल्या खिडकीतून दिसते आणि तिथे बसून बघणार की उभं राहून, हे कळवा. संगमरवरी चिप्स मात्र विकत घेतल्या असतील तर आजच परत करा.