विषारी जीवांचा डेक सातव्या पॉयझनवर का अडकतो?

प्रश्न : कापूस वेचणीची धांदल सरली की आम्ही मामे-चुलत भाऊ रात्री ओसरीवर ‘मॅजिक द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळतो. माझ्या ६० पानांच्या डेकमध्ये (पत्त्यांच्या संचात) विष देणारे इन्फेक्टचे ८ व टॉक्सिकचे ६ आणि साधे दांडगे १२ जीव (हल्ला करणारी पाने) आहेत. समोरच्याला ६-७ पॉयझन काउंटर (विषाच्या खुणा) बसतात आणि डाव तिथेच अडकतो. माझे काय चुकते?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या एका डेकमध्ये दोन डेक नांदत आहेत, हेच मूळ दुखणे आहे. इन्फेक्टचा जीव खेळाडूच्या २० लाइफला (जीवनगुणांना) हात लावत नाही. त्याने केलेले सारे नुकसान पॉयझनच्या खाती जमा होते आणि तिथे १० भरले की डाव संपतो. दांडगे जीव मात्र केवळ लाइफ घटवतात. पऱ्हाटीत तूर पेरणे शहाणपणाचे असते, कारण एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते. या खेळात ७ पॉयझन आणि ९ लाइफ यांची बेरीज होत नाही. दांडगे जीव सरळ काढून टाकावेत.

टॉक्सिकची गफलत अधिक सूक्ष्म आहे. ‘टॉक्सिक १’ (वार लागला की ठरावीक १ पॉयझन) असलेल्या जीवावर जायंट ग्रोथ टाकून त्याची ताकद ३ ने वाढवली, तरी पॉयझन एकच बसते आणि वाढीव नुकसान लाइफवर जाते. तेच पान ग्लिस्टनर एल्फ या १ ताकदीच्या इन्फेक्ट जीवावर टाकल्यास ४ पॉयझन बसतात. ताकद वाढवणाऱ्या पानांवर आपली भिस्त असेल, तर टॉक्सिकलाही निरोप द्यावा.

इन्फेक्टचे ८ च जीव असताना पहिल्या ७ पानांत त्यांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. १६ ठेवल्यास ती १० टक्क्यांवर उतरते. ग्लिस्टनर एल्फ, ब्लॉक न होणारा (अडवता न येणारा) ब्लाइटेड एजंट, इकोरक्लॉ मायर आणि मुळात लँड (इतर पाने खेळायला शक्ती देणारे पान) असले तरी जीव बनू शकणारे इंकमॉथ नेक्सस यांची चार-चार पाने घेतली की हा आकडा गाठता येतो.

आता खेळण्याविषयी. एल्फने अटॅक केला आहे, समोर ब्लॉक करायला कोणी नाही, पण प्रतिस्पर्ध्याचे एक लाल लँड टॅप न झालेले (अजून न वापरलेले) आहे. आपण जायंट ग्रोथ टाकताच त्याने लाइटनिंग बोल्टने उत्तर दिले, तर बोल्टचे ३ नुकसान आधी लागते, १/१ चा (ताकद १, टिकाव १) एल्फ मरतो आणि ग्रोथही वाया जाते. त्याच्या एका पानाने आपली दोन पाने खाल्ली! म्हणून त्याची लँड टॅप होईपर्यंत थांबावे, नाहीतर बोल्टला उत्तर म्हणून वाइन्स ऑफ वास्टवुड हाती राखावे. त्यामुळे त्या टर्नपुरते शत्रूच्या पानांना आपल्या जीवाला लक्ष्य करता येत नाही. मेंढीकोटात हुकूम दाबून बसणाऱ्याला हा संयम नवा नसावा.

प्रश्न : चौघांच्या कमांडर (याच खेळाचा एक प्रकार) डावात लाइफ ४० असते. मग पॉयझन किती लागतात?

उत्तर : तिथेही १० च. मात्र तिघांना गारद करायचे असल्याने एकाच वारावर विसंबू नये. प्रत्येकाला आधी एक-एक पॉयझन द्यावे आणि मग प्रोलिफरेटची (बसलेले काउंटर एकेकाने वाढवणारी) पाने खेळावीत, म्हणजे तिघांचेही काउंटर एकदमच वाढवता येतात.